माइकवरचा हात

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलंत तर आईवडिलांनंतर मी आमच्या ताईंचंच नाव घेईन. त्या आमच्या शाखेच्या प्रमुख, पण ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणत. फोनवर एखाद्याचा आवाज चढला की त्या मागून येऊन त्याच्या माइकवर तळहात ठेवायच्या आणि हळू म्हणायच्या, "आवाज खाली घे. समोरचा आधीच खचलेला असतो."

थकलेल्या हप्त्यांसाठी फोन करायचं आमचं काम. तुम्हालाही कधी असा फोन आला असेल. छत्रपती संभाजीनगरात एका दुसऱ्या मजल्यावर आम्ही बारा जण बसायचो. लोकांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या, हप्ते येईनात, आमचेही पगार अर्ध्यावर आले आणि दिवसभर शिव्या खाऊन आमची माणसं सोडून जायच्या गोष्टी करू लागली. निम्मी माणसं गेली तर हेड ऑफिस शाखा बंद करणार होतं. ताईंना ती बारा माणसं टिकवायची होती.

मी कन्नड तालुक्यातला, घरातला पहिला पदवीधर. एका दुपारी फोनवर एक म्हातारे म्हणाले, "यासाठीच शिकलास का रं बाबा?" मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि राजीनामा लिहिला. द्यायला गेलो तर ताईंनीच माझ्या हातात पांढरं पाकीट ठेवलं. आत पाचशेची नोट.

"हेड ऑफिसनं रेकॉर्डिंग ऐकलं. तुझा कॉल आवडला त्यांना."

राजीनामा खिशातच राहिला. नोट आईला दिली. कंपनीनं माझ्या लेकराचं कौतुक केलं, असं तिनं गल्लीभर सांगितलं.

मग दर शनिवारी कुणाला ना कुणाला पाकीट मिळू लागलं. शेजारच्या टेबलावरच्या शेखभाईला मिळालं तेव्हा तो ओरडला, "मियाँ, हेड ऑफिस कू अकल आ गई!" सगळ्यांत जास्त ताईच हसल्या.

फोन करायच्या नावांची यादी रोज सकाळी यायची. एका सोमवारी माझ्या यादीत ताईंचं नाव होतं. स्कूटीचे तीन हप्ते थकलेले. वसुलीतल्या माणसाचाच हप्ता थकला तर त्याला कामावर ठेवत नसत.

"ताई, हे..."

"दिसलं मला. कर फोन."

"मी नाय करणार."

"मग दुसरा कुणी करील. त्यापेक्षा तूच कर."

मी नंबर लावला. चार पावलांवर त्यांचा मोबाइल वाजला. मी माइकमध्ये कसंबसं 'नमस्कार' पुटपुटलो.

"आवाज वर घ्या साहेब," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ऐकू येत नाय."

"हप्ता... कधी भराल?"

"पगार अर्धाच येतोय सध्या. खोटी तारीख देत नाय तुम्हाला."

फोन ठेवून मी शेऱ्यात 'संपर्क झाला नाही' असं लिहू लागलो. त्यांचा तळहात माझ्या कीबोर्डवर आला.

"खरं लिही. रेकॉर्डिंग आहे. दोघांची नोकरी कशाला घालवतोस?"

मी खरं लिहिलं.

गुरुवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. शनिवारी पाकीट आलं नाही. शेखभाईनं हेड ऑफिसला फोन लावला. फोन ठेवून तो मला म्हणाला, "वहाँ से तो कभी कुछ आयाच नहीं. ताई अपने जेब से देती थी."

त्या रविवारी आईला हे सांगितलं. तिनं उठून ती नोट आणून दिली, खर्चलीच नव्हती. ताईंचा फोन बंद होता. तीन महिने वाट पाहिली, मग हे पत्र पाठवलं.

*ताई,*

*यादीतला तुमचा पुंडलिकनगरचा पत्ता मी उतरवून घेतला होता. हे नियमात बसत नाही, माहीत आहे.*

*बारातले पाच उरलो आहोत. महिनाअखेरीला शाखा बंद होणार, असं कळवलंय. काल एक मुलगी फोनवर ओरडत होती. मी उठून तिच्या माइकवर हात ठेवला, पण पुढं काय म्हणायचं ते सुचलं नाही.*

*सोबत पाचशे रुपये आहेत, तुम्हीच दिलेले. तेवढ्यानं हप्ता भागणार नाही.*

*हेड ऑफिसनं माझा कॉल ऐकलाच नव्हता, हे नंतर कळलं. तुम्हाला तरी तो आवडला होता का? तेवढं कळवा.*