डावा हत्ती

बुद्धिबळाची स्पर्धा भरवायचं खूळ माझंच होतं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय नाही. साठच्या दशकाचा मध्य होता. मी अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवत होतो, आणि गणिताचा मास्तर म्हणजे हुशार माणूस हा लोकांचा गैरसमज मला फार आवडत होता. अमरावती आणि अकोला मिळून एकच विजेता काढायचा आणि त्याला नागपूरच्या मोठ्या स्पर्धेला धाडायचं, असं मी ठरवलं. नागपूरकरांना पत्रं लिहून लिहून एक जागा पक्की केली. दुसरी द्यायला ते तयार नव्हते.

ती जागा कुणाला मिळणार, हे मला आधीच ठाऊक होतं. बडनेरा स्टेशनवर तिकीटबाबू असलेला माझा एक मित्र होता. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा तो मॅट्रिकला होता. नंतर रेल्वेत लागला. ड्युटी संपली की सायकल मारत अमरावतीला यायचा आणि माझ्या ओसरीवर आम्ही पट मांडायचो. चार वर्षांत मी त्याच्याशी जिंकलेले डाव मोजायला एका हाताची बोटं पुरतील, आणि त्यातले दोन त्याने माझ्यासाठी सोडले असावेत. खेळताना तो बोलत नसे. डाव संपला की मात्र टोमणा ठरलेला.

"मास्तर, एकडाव नागपूरले खेळायले भेटलं पायजे," तो म्हणायचा. "इथं तुमाले हरवून हरवून माहा खेळ बिघडून राहिला."

मी शब्द दिला की नागपूर त्याचंच. द्यायला माझ्या बापाचं काय जात होतं?

मग तयारी सुरू झाली. अचलपूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, जिथे जिथे कुणी पट मांडून बसतं असं ऐकलं तिथे तिथे मी पोस्टकार्डं टाकली. सव्वीस जण आले आणि त्यातल्या निम्म्यांना देशी खेळच येत होता. अंजनगावचे एक म्हातारे पानमळेवाले पहिल्याच डावात उठून उभे राहिले. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं हे त्यांना मान्य नव्हतं. "उद्या म्हणान, राजा उडते," ते म्हणाले आणि पिशवी उचलून एसटी स्टँडवर गेले. त्यांना समजवायला मी अर्ध्या वाटेपर्यंत धावलो. त्यानंतर मी नियम मोठ्या अक्षरांत लिहून शाळेच्या फळ्यावर चिकटवले. मोहऱ्याला हात लावायचा, परत घ्यायचा, दुसऱ्याला लावायचा ही आपल्या लोकांची खोड. म्हणून चौथा नियम मी लाल शाईने लिहिला होता: शिवलेला मोहरा चालवावाच लागेल.

तिकीटबाबूने तो वाचला. "बरा नियम हाय," म्हणाला. "आमच्या गावी शिवलं का लोकं आंघोळीले पळत."

मी पोट धरून हसलो. असल्या विनोदावर आपल्याला मोकळेपणी हसता येतं, म्हणजे आपण केवढे सुधारलेले, असं त्या क्षणी मला वाटलं होतं. आज त्या हसण्याची मला चीड येते.

पहिल्या फेऱ्या अमरावतीला शाळेच्या बाकांवर, साध्या लाकडी पटांवर झाल्या. तो एकही डाव न हरता अंतिम फेरीत गेला. समोर आले अकोल्याचे एक वकील. खेळ बरा, चिकाटी दांडगी. अंतिम डाव अकोल्याला कापसाचं जिन असलेल्या एका शेठजींच्या बंगल्यात ठरला होता. दिवाणखाना त्यांचा, चषक त्यांचा, पन्नास माणसांचं जेवण त्यांचं, आणि पटही त्यांचाच. आजोबांच्या वेळचे हस्तिदंती मोहरे होते. ते बघायला म्हणून तरी लोक येतील, असा माझा हिशेब होता.

आदल्या आठवड्यात शेठजींनी मला बोलावून घेतलं. माणूस गोड बोलणारा. तिकीटबाबूची चौकशी केली, त्याच्या खेळाची तारीफ केली. मग म्हणाले, "मास्तर, मी काई मानत नाई. तो माया खुर्चीवर बसन, माया कपात च्या पिईन. पण ते मोहरे देवघरात राह्यतात. दसऱ्याले आई त्यायची पूजा करते. तुमच्या दोस्ताचा हात लागला त म्हातारी अन्न सोडन. तुमी शायने आहा, काढा काईतरी रस्ता."

रस्ता साधा होता. माझ्या घरचा लाकडी पट पिशवीत घालून न्यायचा. शेठजी रुसले असते, जेवण गेलं असतं, चषक गेला असता, आणि डाव कुठल्याही शाळेत झाला असता. हे मला तेव्हाही सुचलं होतं. पण मला तो दिवाणखाना हवा होता, पाहुणे हवे होते, वर्तमानपत्रात चार ओळी हव्या होत्या. म्हणून मी हुशारी केली.

त्याच सुमारास मी वर्तमानपत्रात वाचलं होतं की परदेशात यंत्राला बुद्धिबळ शिकवलं आहे. यंत्राला हात नसतात. ते नुसती चाल सांगतं आणि शेजारी बसलेला माणूस ती पटावर करतो. मी तिकीटबाबूला गाठलं आणि त्या बातमीचं कात्रण दाखवून सांगितलं, की अंतिम डाव आपण या नव्या शास्त्रीय पद्धतीने खेळवणार. खेळणारा फक्त चाल बोलेल, मोहरा मी हलवेन. लोकांना चाल ऐकूही येईल.

त्याने कात्रण दोनदा वाचलं. "म्हंजे मी मशीन," तो म्हणाला.

"दोघंही," मी म्हणालो. "वकीलसुद्धा."

"तुमी म्हनता त ठीक हाय, मास्तर." एवढंच बोलून त्याने कात्रण माझ्या हातात परत दिलं.

रविवारी सकाळी आम्ही अकोल्याला पोचलो. दिवाणखाना भरला होता. मी उभं राहून नव्या पद्धतीवर छोटं भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. वकील म्हणाले, "मले देवानं हात देल्ले हायेत," आणि पहिलं प्यादं स्वतःच पुढे ढकललं. लोक हसले. मीही हसलो आणि त्यांना खेळू दिलं. म्हणजे त्या खोलीत यंत्र उरला एकटा तो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, हात मांडीवर ठेवले आणि चाल सांगायला लागला.

शेठजींना आणि पाहुण्यांना पट दिसावा म्हणून मी वकिलांच्या खांद्याशी, म्हणजे त्याच्या समोरच्या बाजूला उभा होतो. दोन तास सगळं सुरळीत चाललं. तो हळू आवाजात सांगायचा, मी हलवायचो. डाव त्याच्या मुठीत आला होता. वकिलांनी दोनदा घाम पुसला. तिकीटबाबूचा एक हत्ती डावीकडे मोकळा होता, दुसरा उजवीकडे राजाच्या पहाऱ्याला. डावा हत्ती सरळ शेवटच्या ओळीत गेला की वकिलांची मात होती. ती मलाही दिसत होती आणि मला मनापासून आनंद होत होता, हे खरं आहे.

"डावा हत्ती," तो म्हणाला. "सीदा शेवटपर्यंत."

मी माझ्या डाव्या हाताचा हत्ती धरला.

समोर उभ्या माणसाचं डावं म्हणजे बसलेल्याचं उजवं. दोन तास हे मी मनात उलटवत होतो आणि नेमका तिथे विसरलो. लगेच बोटं काढली. पण वकील बघत होते.

"शिवला, मास्तर," ते म्हणाले. "चौथा नियम. तुमचाच हाय."

"मी डावा म्हटलं," तिकीटबाबू म्हणाला. तो पटाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

पंच मीच होतो. हात माझा होता, खेळणाऱ्याचा नव्हता. चूक माझी होती. एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागतो? सगळा दिवाणखाना माझ्या तोंडाकडे बघत होता. शेठजी घड्याळाकडे बघून म्हणाले, "पंगत खोळंबून राहिली, मास्तर." तेवढ्यावर मी ढेपाळलो. भर सभेत यजमानांच्या पाहुण्याविरुद्ध निकाल द्यायचा, मग कुणीतरी विचारायचं की मुळात याचे मोहरे तुम्ही काहून हलवता, मग मी काय सांगायचं? मी म्हणालो, "नियम तो नियम. शिवलेला हत्ती चालवावा लागेल."

पहाऱ्याचा हत्ती हलला. चार चालींत त्याच्या राजाची मात झाली. शेवटच्या चारही चाली त्याने स्पष्ट आवाजात सांगितल्या आणि मी त्या बिनचूक केल्या. पंगतीत त्याला शेठजींनी आग्रहाने वाढलं. नागपूरला वकील गेले आणि पहिल्याच दिवशी हरून परत आले.

संध्याकाळच्या पॅसेंजरने आम्ही दोघं निघालो. मूर्तिजापूर गेलं. मग तो म्हणाला, "हात चुकला, ते समजलं मले. होते तसं. निकाल काहून तसा देल्ला?"

मी नियमांबद्दल, शिस्तीबद्दल, पंचाच्या जबाबदारीबद्दल बरंच काही बोललो. तो ऐकत होता. वर्गात एखादं पोर चुकीचं गणित फळ्यावर शेवटपर्यंत सोडवतं आणि आपण थांबवत नाही, तसं ऐकत होता. मला ते सहन होईना. त्याची समजूत घालावी म्हणून मी म्हणालो, "पुढच्या वर्षी शेठजींचा पट घ्यायचाच नाही. आपला लाकडी ठेवू. तुम्ही तुमच्या हातानं खेळा."

बोलून झाल्यावर मला कळलं, मी काय बोलून बसलो ते.

बडनेऱ्याचा सिग्नल आला तशी त्याने पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. गाडी थांबत असताना वळला.

"तुमाले मालूम होतं त मंग," तो म्हणाला. रागाने नाही. "मले तिथं पाय ठेवल्याबरोबर समजलं होतं. पण मले वाटलं, शेठजीनं तुमालेबी फसवलं. चार लोकांत तुमची फजिती नोको म्हणून चूप बसलो मी."

तो उतरला. अमरावतीची गाडी बडनेऱ्यालाच बदलावी लागते, मलाही तिथेच उतरायचं होतं. पण तो फाटकातून बाहेर जाईपर्यंत मी डब्यातून हललो नाही.