साडभाऊंची सरहद्द

आमच्या साडभाऊंच्या मते या जगात कोणीही उगाच शिंकत नाही. शिंक कोणासमोर आली, केवढ्यानं आली, आणि शिंकून झाल्यावर त्या माणसानं आधी कोणाकडे पाहिलं, हे तपासल्याशिवाय तिला शिंक म्हणायलाच ते तयार नसतात. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे नुसतं साडू म्हणतात. आमच्याकडे त्यात भाऊ घालतात, म्हणजे मग भांडायचा हक्क राहतो. उभी हयात त्यांनी दिल्लीच्या एका विद्यापीठात चीनचं परराष्ट्र धोरण आणि पूर्व आशियाची सुरक्षा शिकवण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर वर्ध्याला लागून सिंदी मेघेत घर बांधलं. माझं वर्ध्यात कृषी केंद्र आहे. कपाशीवर बोंडअळी कशी येते ते मी झोपेतही सांगीन, पण माणसाच्या मनात अळी कशी शिरते ते विचारायचं झालं तर साडभाऊंकडेच जावं लागतं.

त्यांचा धंदाच तसा, असं ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणतात. चीनमध्ये आतली गोष्ट कोणी बाहेर सांगत नाही. मग अभ्यासकानं समारंभाचे फोटो घेऊन बसायचं. मागच्या खेपेला मधोमध असलेला माणूस यंदा कडेला का, कोण दिसतच नाही, कोणाचं नाव आधी छापलं, यावरून तिथं काय शिजतंय ते ओळखायचं. बरं, हा चष्मा दिल्लीत ठेवून यावा की नाही? माझ्या पुतणीच्या लग्नाचा फोटो त्यांनी भिंग लावून पाहिला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “आपले मामेसासरे मागच्या लग्नात नवरदेवाला लागून होते. या वेळी थेट खांबापाशी. हे कधीपासून?” मी म्हटलं, “अहो, गुडघा दुखते त्यांचा, खांबाले टेकले होते.” त्यावर मंद हसून ते म्हणाले, “हं. हे झालं अधिकृत स्पष्टीकरण.” एकदा कॉलनीच्या गणपतीच्या फोटोवरून त्यांनी सेक्रेटरी लवकरच पद सोडणार असं भाकीत केलं, आणि पंधरा दिवसांत त्यानं खरंच सोडलं. त्याची यवतमाळला बदली झाली होती ही गोष्ट वेगळी, पण तेव्हापासून कॉलनीत फोटो काढायचा म्हटलं की लोक साडभाऊ कुठे आहेत ते पाहून उभे राहतात.

हो किंवा नाही हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. ताईंनी “जेवता काय?” असं विचारलं की हे म्हणणार, “या प्रस्तावाचं मी स्वागत करतो.” ताई स्वयंपाकघरातून ओरडतात, “स्वागत नोका करू, हात धुवा.” टीव्हीवाल्यांना सीमेवर काही खुट्ट झालं की साडभाऊंची आठवण येते. पण तिकडे सगळे एकदम बोंबलत असतात, आणि हे सगळे गप्प होण्याची वाट पाहत बसतात. त्यांची पाळी येईपर्यंत जाहिराती सुरू होतात. एकदा तर ते पडद्यावर दिसले तेव्हा मागे बाजेवर ताईंनी सरगुंडे वाळत घातले होते. आता सरगुंडे म्हणजे आपल्या हातच्या शेवया, आमरसासोबत खातो त्या. पण दिल्लीच्या त्या पोरीनं मोठ्या कौतुकानं विचारलं, “सर, ये चायनीज नूडल्स आप घर पे बनाते हैं?” साडभाऊंनी या प्रश्नामागचा हेतू काय असावा यावर इतका वेळ विचार केला की लाइन कापली गेली. माझ्या दुकानातल्या गिऱ्हाईकांचं तर विचारूच नका. फवारणीचा पंप बिघडला की ते सरळ सिंदी मेघेला जातात. “काका, चायनाचा हाय, चालून नाई राह्यला. तुमी त्यायचेच प्रोफेसर ना?” साडभाऊ चिडत नाहीत. पंप उलटासुलटा करून पाहतात आणि त्यावरची चिनी सूचना मराठीत वाचून दाखवतात. पंप काही चालत नाही, पण माणूस समाधानानं घरी जातो.

शेजाऱ्यानं एकदा आपल्या फाटकाबाहेर झेंडूची कुंडी ठेवली. महिन्याभरानं ती वीतभर साडभाऊंच्या बाजूला सरकली होती. झालं! “काकडी अशीच कापतात,” ते मला म्हणाले, “एक-एक चकती. चकतीसाठी कोणी युद्ध करत नाही, आणि शेवटी काकडी संपलेली असते.” मी म्हटलं, कुंडी उचलून इकडे ठेवा आन् मोकळे व्हा. छे! त्यांनी रोज संध्याकाळी त्या कुंडीपर्यंत गस्त सुरू केली. कुंडीपाशी जायचं, क्षणभर थांबायचं, समोर पाहायचं, वळायचं. शेजाऱ्याला वाटलं, काकांना डॉक्टरनं फिरायला सांगितलं असावं. बिचाऱ्यानं थकल्यावर टेकायला म्हणून कुंडीच्या बाजूला एक खुर्ची आणून ठेवली. खुर्ची म्हणजे कायमचं ठाणं, असं साडभाऊंचं मत पडलं. तरी पण ते त्या खुर्चीवर बसून शेजाऱ्याचा चहा प्यायचे.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण एक सरहद्द अशी होती की तिचं नाव निघालं की साडभाऊ हसायचे नाहीत आणि मलाही हसू यायचं नाही. हिंगणीला त्यांचं वडिलोपार्जित वावर आहे, भाजीपाल्याचं. वडील गेल्यावर वाटणी करायची ठरली आणि थोरल्या भावानं यांना बोलावणं धाडलं. नेमकी तेव्हाच पूर्व आशियाच्या सुरक्षेवर टोकियोला परिषद होती. साडभाऊ टोकियोला गेले, आणि हिंगणीला एक टाइप केलेलं पत्र पाठवलं, सोबत नकाशा, नकाशावर लाल शाईनं मारलेली रेघ. रेघ अगदी न्यायाची होती हो! उलट थोरल्याकडे थोडं जास्तच जात होतं. पण थोरले म्हणाले, “भावाची वाटणी का पोस्टानं येते?” त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन वावरं झाली, आणि साडभाऊंनी त्या धुऱ्यावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही. सिंदी मेघेपासून हिंगणी ती किती लांब? पण मी विषय काढला की ते म्हणायचे, “पूर्वतयारीशिवाय शिखर बैठक घेऊ नये.” एकदाच, दुपारी जेवता जेवता, मनातलं बोलून गेले. “जमीन गेली तरी चालेल मला. दादानं एकदा ‘लायन्या’ म्हणून हाक मारावी, लहानपणी धाकट्याला मारायचा तशी. आम्ही दोघंही आता जायच्या वयाचे.” आणि लगेच ताटातल्या वांग्याकडे वळून म्हणाले, “वर्ध्याच्या बाजारात अलीकडे वांगी मात्र हिंगणीसारखी मिळतात.” ताईंनी त्यांच्या ताटात आणखी एक वांगं वाढलं. माझी बायको एकदम भांडी आवरायला उठली.

मागच्या हिवाळ्यात सकाळीच त्यांचा फोन आला. “ताबडतोब या. परिस्थिती बदलली आहे.” मला वाटलं ताईंना काही झालं. दुकान तसंच टाकून पळालो. तर हे संगणकासमोर, हातात पट्टी. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं उपग्रहावरून घेतलेला हिंगणीचा फोटो पाठवला होता. मला नुसते हिरवे-तपकिरी चौकोन दिसत होते. पण एका चौकोनाच्या कडेनं केसासारखी एक रंगीत रेघ सरळ गेली होती, आणि पट्टीचं टोक त्यांनी त्या रेघेवर टेकवलं होतं. “हा धुरा. आणि ही त्याच्यावर घातलेली भिंत. दादानं भिंत घातली.” मी म्हटलं, कुंपण असन, जाळी असन. ते म्हणाले, “रंगीत आहे. इतकी वर्षं त्यानं काही केलं नाही, म्हणून मला आशा होती. भिंत घालणारा माणूस पुढं बोलत नसतो.” डोळ्यांत पाणी होतं. ताई दारात उभ्या होत्या. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. जगातल्या यच्चयावत माणसांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावणाऱ्या या गृहस्थानं त्या पदराकडे पाहिलंसुद्धा नाही.

माझं डोकं सरकलं. “साडभाऊ, हिंगणी का बीजिंग हाय? आभायातून काय पाहून राह्यले? मी गाडी काढतो, तुमी चपला घाला!” त्यांनी तटस्थ ठिकाणाची मागणी केली, वाटेतल्या सेलूच्या बस स्टँडचं नाव सुचवलं, मी ऐकलं नाही. त्यांनी बोलण्याचे मुद्दे लिहायला वेळ मागितला. म्हटलं, गाडीत लिहा. भेटवस्तूवरून मात्र अडून बसले. शेवटी दादांना आवडतो म्हणून गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचा, डबा घेतला आणि निघालो. सेलू येईपर्यंत त्यांनी मुद्दे खोडून खोडून कागद पार काळा केला होता.

वावराशी गाडी थांबली, आणि समोर पाहतो तर काय, साड्या! लाल, पिवळ्या, जांभळ्या, जुन्या साड्या खुंट्यांना बांधलेल्या, वाऱ्यावर फडफडत होत्या. बाजूच्या बोर अभयारण्याच्या जंगलातून रानडुकरं येतात. फडफडत्या लुगड्याला बुजतात म्हणून तिकडे सगळेच बांधतात, आणि मी तर दिवसभर शेतकऱ्यांतच असतो. मला एका क्षणात कळलं. साडभाऊ मात्र साड्यांच्या कडेकडेनं चालू लागले, एक-एक खुंटी पाहत. रस्त्याकडून साड्या नाल्यापर्यंत गेल्या, नाल्याकाठानं वळल्या आणि पलीकडून परत आल्या. ते थांबले. “पण… हा तर नाला आहे.” “हो ना,” मी म्हटलं. “तुमी ज्याले धुरा समजून राह्यले, तो नाला हाय. धुरा तो तिकडे.” उपग्रहाला दिसलेली भिंत त्यांच्याच वावराच्या बाहेरच्या कडेला होती; बाकीच्या कडा फोटोत झाडांखाली गेल्या होत्या. साड्यांचा वेढा दोन्ही वावरांना मिळून एकच होता. मधला धुरा मोकळा, गवताचा, पायवाट पडलेला. आणि साडभाऊंच्या वाटणीच्या वावरात थोरल्यांनी लावलेली वांगी लागली होती, जांभळी, तुकतुकीत, रोज त्यांच्या ताटात असायची तीच.

एवढ्यावर भागलं नाही. नाल्याच्या कोपऱ्यावर एक पांढरं रेशमी लुगडं होतं, त्यावर निळे उडते बगळे. साडभाऊंनी ते हातात धरलं आणि तिथंच खाली बसले. “हे मी टोकियोहून आणलं होतं. त्याच परिषदेहून.” ताईंनी ते अंगाला कधी लावलं नव्हतं. आणि त्याच्या बाजूची ती मोरपंखी साडी? ती माझ्या बायकोची! त्याच्या आदल्या दिवाळीत मी घेतलेली, “आटली” म्हणून बाजूला टाकलेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोघी बहिणी कित्येक वर्षं सेलूच्या बसनं जुन्या साड्या पाठवत होत्या आणि वांगी आणत होत्या, आणि आम्ही दोघं शहाणे घरात बसून जगाचं राजकारण करत होतो. पूर्व आशियाच्या सुरक्षेचं ते रेशीम हिंगणीच्या वांग्यांची राखण करत होतं. मी हसायला लागलो, पण साडभाऊंकडे पाहिलं आणि आवरतं घेतलं.

धुऱ्यावरून थोरले येत होते. हातात काठी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा. साडभाऊ उठले, खिशातून मुद्द्यांचा कागद काढला, घडी उघडली, पुन्हा घातली. थोरले अगदी जवळ येऊन उभे राहिले आणि मान वाकडी करून निरखत राहिले. दिल्लीनं धुऊन काढलेली भाषा इतक्या वर्षांनी साडभाऊंना सोडून गेली. “दादा,” ते म्हणाले, “मले वाटलं, तू भिंत घातली.”

“भिंत कायले घालू?” थोरले म्हणाले. “डुक्कर का वाटणी पाह्यते? त्याले काय मालूम, कोणतं वावर तुह्यं आन् कोणतं माह्यं?” मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, “काऊन रे लायन्या, लय वाळला तू. चाल, जेवाले चाल.”

साडभाऊंनी या प्रस्तावाचं स्वागत केलं नाही. नुसते “हो” म्हणाले आणि दादांच्या मागे धुऱ्यावरून चालू लागले. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

आता ते हिंगणीला वरचेवर जातात. टीव्हीवाल्यांचा फोन ताईच उचलतात आणि “साहेब वावरात गेले” असं सांगतात. वावरातच मी एकदा विचारलं, दोघं धुऱ्यावर बसून बोलता तरी काय? म्हणाले, “काही नाही. बसतो.” मी मुद्दाम डिवचलं, “मंग या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा?” ते वांग्यांकडे वळले. “बीजिंगला किती वेळा जाऊन आलो,” म्हणाले, “हिंगणीच तेवढी लांब पडली. दादाला आता कमी ऐकू येतं. सांगायचं पुष्कळ होतं, पण फार मोठ्यानं बोलावं लागतं.”

परवा बियाणं पोचवायला गेलो होतो, तेव्हा दोघं तिथंच बसले होते. गार वारं सुटलं होतं, साड्या फडफडत होत्या. थोरल्यांना एकदम दणदणीत शिंक आली. मी साडभाऊंकडे पाहिलं, म्हटलं आता होऊ द्या विश्लेषण. त्यांनी आपल्या गळ्यातला मफलर काढला, दादांच्या कानावरून नीट गुंडाळला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “दादा, घरी चाल, थंडी वाजून राह्यली तुले.”