काचेपल्याडची सटवाई

माझी आई तानुबाई देवाशी भांडणारी बाई. नवस बोलताना हात जोडायची न्हाई, कमरंवर ठेवायची. दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला आमची धनगरांची वस्ती, आन् वस्तीखाली सटवाईचा धोंडा. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापून त्याचा नुसता गोळा झालेला. लेकरू जन्मलं की पाचवीला धोंड्याला तेल-शेंदूर लावायचा, आन् त्याच्याच अंगचा चिमूटभर काढून लेकराच्या कपाळाला टेकवायचा. सटवाई रात्री नशीब लिहायला येती, तिला कपाळ ओळखू यावं म्हणून. साऱ्या वस्तीचं हे काम आईचं. तिचा अंगठा कायम तांबडा असायचा.

मागच्या साली शेंदराची ती खोळ आपोआप गळून पडली. आत कोरीव मूर्ती निघाली. देवी उघडी बघू न्हाई म्हणून आईनं डोळं मिटून तिच्यावर लुगडं टाकलं, खोळ भीमेत सोडली. मग साहेब लोक आले. म्हणाले, ही बौद्धांच्या काळातली, लई जुनी. ग्रामसभेनं माना डोलावल्या आन् मूर्ती पुण्याच्या म्युझियमला गेली. तिच्या जागी संगमरवराची पांढरीफेक देवी बसवली. आईनं तिच्याकडं ढुंकून बघितलं न्हाई.

यंदा मला पोरगा झाला, सातव्या महिन्यातच. शिरूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवला, नाकातोंडात नळ्या. माझी बायको प्रतिभा बाहेर बाकड्यावर भिताडाकडं तोंड करून बसलेली. आईनं पेटीकडं हात नेला तर सिस्टर म्हणाली, इन्फेक्शन व्हईल, लांब व्हा. पाचवीच्या सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, आता आमच्या हातात फारसं काही न्हाई.

आई म्हणाली, "पप्पू, पुण्याला चल. सटवाईआईच्या अंगचा शेंदूर पायजे."

माझं डोकंच फिरलं. रांजणगावच्या कंपनीत मी मशीन चालवतो. सेन्सर गेला तर शेंदूर लावून चालू व्हतो का, असं तिला तोंडावर बोललो. आन् तरीबी मुकाट गाडीला किक मारली. करणार काय? डॉक्टरनं हात टेकल्यावर माणूस कुठंबी जातो. कोरेगाव भीमाच्या ट्रॅफिकमधी मी समोरच्या प्रत्येक ट्रकवाल्याला शिव्या घातल्या.

म्युझियमच्या दारात वॉचमननं तेलाची बाटली काढून घेतली. शेंदराची पुडी आईच्या कनवटीला व्हती, ती त्याला दिसली न्हाई. आत मुंडकी तुटलेले बुद्ध, स्तूपाचे तुकडे, कुण्या भिक्खूच्या अस्थी ठेवलेली इवलीशी दगडी डबी. आई सगळ्यांच्या अंगावर शेंदूर शोधत चाललेली. तिला वाटलेलं, वर्षभर हितल्या लोकांनी दर अमावश्येला लावलाच असंल की. देवीला असं कोण ठेवतंय?

माहिती सांगणारी स्नेहल नावाची पोरगी आम्हाला काचेच्या कपाटापाशी घेऊन गेली. आमची सटवाई धुऊनपुसून काळी कुळकुळीत बसलेली. अंगावर शेंदराचा कण न्हाई. आन् मांडीवर लेकरू. इतकी वर्षं आईनं त्या लेकराला शेंदूर चोळला आन् तिला ते ठाऊक न्हवतं.

स्नेहल म्हणाली, हिला हारिती म्हणत्यात. ही दुसऱ्यांची लेकरं पळवायची. मग बुद्धानं हिचं धाकटं लपवलं. ही रडत रानोमाळ हिंडली, तवा कुठं हिला आईचं दुःख कळलं. लेकरू परत मिळाल्यावर ही सगळ्यांची लेकरं राखायला लागली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग दोन्ही तळवे काचेवर टेकून देवीला म्हणाली, "तुला तुझं मिळालं न्हवं परत? मग माझं का नेती?"

वॉचमन आला. तसा वाईट माणूस न्हवता, हळूच म्हणाला, मावशी, काचेला हात लावू नका.

"तिथंबी काच, हितंबी काच," आई म्हणाली, "मग ह्या हातांनी करू तरी काय?"

ती तिथंच फरशीवर बसली आन् हमसून हमसून रडली. मी तिला असं कधी बघितलं न्हवतं. खोटं कशाला बोलू, ती काच फोडावी असं मला वाटलं. तेवढ्यात प्रतिभाचा फोन आला. लवकर या, एवढंच बोलली.

शिरूरला पोचलो तर पेटी उघडली व्हती. नळ्या काढलेल्या. पोर प्रतिभाच्या मांडीवर, श्वास जेमतेम चाललेला. सिस्टर म्हणाली, घ्या आजी, हात लावा. इन्फेक्शनचं आता कुणी बोललं न्हाई.

आईनं कनवटीची पुडी काढली, बघितली आन् तशीच बाजूला ठेवली. दुकानातला शेंदूर तो, देवीच्या अंगाला लागलेला न्हवता. मग तिनं नुसताच अंगठा त्याच्या एवढ्याशा कपाळावर टेकवला. नखाच्या फटीत जुना, सटवाईच्या अंगचा उरला असंल, म्हणून घासत राह्यली. काहीच उमटलं न्हाई. तिचा अंगठा कपाळावर असतानाच पोराचा श्वास थांबला.

मग आईनं हात जोडले. जन्मात पहिल्यांदा, आन् तेबी सुनंपुढं.