पहिल्या ओळीतलं नाव

सौदीतल्या यान्बूच्या प्लांटमध्ये गुरुनाथ रेग्यांच्या तापट डोक्याला सगळे वचकून असत. नाशिकच्या या माणसानं सेफ्टीत बावीस वर्षं काढली होती. अपघाताच्या रिपोर्टवर पहिल्या ओळीत माणसाचं नाव नसलं, की ते कागद टेबलावर आपटत. "आधी कोण गेलं ते लिहा! मग बसा का-का विचारत." पाच वेळा 'का' विचारून मुळाशी जायचं, ही तिथली पद्धत. एकदा कंत्राटदारानं पाइपखाली मेलेल्या मजुराला नुसतं 'एक कामगार' म्हणून खपवलं, तेव्हा गुरुनाथनी भांडून त्याचं नाव लिहवून घेतलं होतं. त्या मजुराचा फोरमन, सीरियाचा मोहियुद्दीन, तेव्हापासून त्यांना मानायचा.

परवाच्या ट्रेनिंगमध्ये पुण्याच्या हर्षवर्धननं सरावाला भलतंच उदाहरण घेतलं. लेबनॉनमधली सशस्त्र संघटना शेजारच्या सीरियाच्या यादवीत का उतरली? त्यानं फळा भराभर भरला. का? तिथलं मित्र सरकार कोसळत होतं. त्यानं यांचं काय बिघडत होतं? इराणची शस्त्रं त्याच वाटेनं यायची. वाट बंद झाली तर? इस्राएलपुढे हात रिकामे. बंडखोर जिंकले असते तर? शत्रू थेट सीमेवर. मग पोरं मरायला कशी तयार झाली? पवित्र दर्गे वाचवायचेत, असं सांगून.

"वा! मुद्देसूद," गुरुनाथ बोलून गेले.

मागे मोहियुद्दीन उभा राहिला. लेबनॉनच्या सीमेजवळच्या त्याच्या गावात ही संघटना लढली, त्याच लढाईत त्याचा भाऊ गेला होता. गुरुनाथ स्वतः त्याच्या खोलीवर सांत्वनाला गेले होते, आणि आज साफ विसरले होते.

"मुहंदिस," तो नेहमीसारखा अरबीत 'इंजिनिअर' अशी हाक मारत म्हणाला, "पहिली ओळ?"

गुरुनाथच्या कानशिलांत आग उठली. हर्षवर्धनवर खेकसणं सोपं होतं, पण चूक स्वतःची होती. फळ्यावर जागा नव्हती. त्यांनी तळहातानं पहिला 'का' उत्तरासकट पुसून टाकला.

"नाव सांग."

"अनस. सत्तावीस वर्षांचा. खुबूसच्या रोट्या भाजायचा."

त्यांनी लिहिलं. हर्षवर्धन चाचरत म्हणाला, "सर, पण कारणं तर खरी आहेत ना?"

"खरी आहेत रे! त्याचाच तर संताप येतो!"

"आता विचारा का," मोहियुद्दीन म्हणाला.

खाली चार उत्तरं तशीच होती. गुरुनाथनी ती मनात वाचली. अनसच्या नावाखाली त्यातलं एकही त्यांना मोठ्यानं म्हणवेना.