कॉलर, बाही आणि खांदा

"भाजलं तेव्हा सगळे धावले, कारण ते दिसत होतं," मामा एकदा म्हणाला होता.

तो एका मोठ्या धुलाईघरात इस्त्री करायचा. तीन वर्षांपूर्वी तापलेली इस्त्री मनगटाला लागली, तेव्हा मॅनेजर स्वतः मलम घेऊन आला. पाच दिवसांची रजा दिली. महिन्याभरात डागही गेला. उजवा खांदा मात्र अकरा वर्षं दुखत होता आणि त्यासाठी कुणी खुर्चीतून उठलं नव्हतं. "मनगटाचं दुखणं पाहुणा होतं," मामा म्हणायचा. "हा घरजावई आहे." म्हणताना हसायचा नाही.

या घरजावयाच्या वेळा त्याला पाठ होत्या. सकाळी खांदा आखडलेला, दहाला सैल, तीननंतर आग. दर वीस शर्टांनंतर तो हात टेबलाखाली लोंबता सोडायचा आणि पन्नासपर्यंत आकडे म्हणायचा. बाह्या डाव्या हाताने करायला शिकला. अगदीच नाइलाज झाला तर गोळी. एवढं करून दिवस निभायचा. गेल्या वर्षापासून पन्नासाचे दोनशे झाले, तरी आग विझेना. त्याला एकच हवं होतं: कपड्यांना चिठ्ठ्या लावायच्या टेबलावर, बसून काम. त्यासाठी धुलाईघराच्या डॉक्टरचा कागद लागत होता.

तपासणीच्या सकाळी मी त्याला न्यायला गेले, तेव्हा तो स्वतःच्या शर्टाला इस्त्री करत होता. खालचा ओठ दातांत.

"अहो, आज तरी चुरगळलेले जा," मामी म्हणाली. "दुखणाऱ्या माणसासारखे दिसा जरा."

"चुरगळलेला इस्त्रीवाला बघितलायस कधी?"

"नाही. म्हणूनच बघू दे त्या डॉक्टरला."

मामाने कॉलर उलटली आणि पुन्हा टोकापासून सुरुवात केली.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान असेल. "हात वर करा," तो म्हणाला. मामाने केला. हात कानापर्यंत गेला.

"जातोय की."

"जातो. खाली आणताना बघा."

डॉक्टरने बघितलं नाही. त्याची नजर शर्टावर होती. "इस्त्री कुणी केली?"

"मीच. सकाळी."

"झकास. ही बाहीची रेघ बघा. खरंच एवढं दुखत असतं, तर अशी रेघ आली असती?"

"त्या एका रेघेला अर्धा तास लागलाय," मी म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"भाची."

"मग त्यांना बोलू द्या."

 बोलायचं ते मामाने सकाळीच, मोडक्या खांद्याने, कापडावर काढून ठेवलं होतं, आणि या माणसाने ते उलटं वाचलं होतं. डॉक्टरने लिहिलं: नेहमीच्या कामास योग्य. "थोडंफार सगळ्यांचंच दुखतं हो. दुर्लक्ष करायला शिका."

अकरा वर्षं दुसरं काय झालं होतं? मॅनेजरने केलं, धुलाईघराने केलं, मामाने स्वतः केलं. दुर्लक्षाची तालीम त्याला हा पोरगा देत होता.

"इथे सही करा. तुमच्या सहीशिवाय कागद पुढे जात नाही."

मामाने पेन उचललं, टोपण घालून बाजूला ठेवलं. कागद डाव्या हाताने ओढला. कोपऱ्याला कोपरा जुळवला, घडी घातली, तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग दुसरी घडी. कोरी बाजू वर आलेला चौकोन डॉक्टरसमोर सरळ रेषेत ठेवला.

"अहो, सही राहिली."

मामाने डाव्या हाताने दार उघडलं आणि तो निघून गेला.