समासातल्या पुसट ओळी

आम्ही न्यूझीलंडमध्ये जॉन्सनव्हिलला आलो तेव्हा घरात विद्यापीठात जाणारी मी पहिलीच. बाबा पिंपरीला फिटर होते, इथेही वर्कशॉपमध्ये लागले. आई दहावीपर्यंत शिकलेली. वाचायचं कसं, हे घरात कुणाला विचारणार? मला एकच रीत ठाऊक होती. पहिल्या ओळीपासून मोठ्यांदा वाचायचं आणि पाठ करायचं.

समाजशास्त्राचा पहिला निबंध नापास होऊन परत आला. "तुला सगळं आठवतंय," ट्यूटरबाई म्हणाल्या, "पण तुला काय वाटतं?" मला काय वाटणार? मला भीती वाटत होती. पुढचाही असाच झाला तर विषय राहणार होता.

"आधी शेवट वाच, मग सुरुवात. समासात प्रश्न लिही. भांड लेखकाशी," त्यांनी सांगितलं.

शेवट आधी वाचणं ही मला लबाडीच वाटली. आणि पुस्तकात लिहायचं? चुकून पाय लागला तरी ज्याला नमस्कार करायचा, त्याच्याशी भांडायचं?

तरी रविवारी बसले. कुटुंबावरचं प्रकरण होतं. कुटुंब म्हणजे आईवडील आणि मुलं, असं लेखक म्हणत होता. मी पेन्सिलीने, दिसेल न दिसेल असं इंग्रजीत लिहिलं, 'मग आत्या कुठे गेली?' पुढे तर लेखक चुकतोय की मलाच कळत नाहीये, हेच समजेना. तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं.

"जुनं पुस्तक घेतलंस, पण आधीच्यानं काय गिचमिड करून ठेवली होती गं!" आई म्हणाली. "डेअरीतून खोडरबर आणला आणि सगळं पुसलं." कोपऱ्यावरच्या दुकानाला आता आईही डेअरी म्हणायची.

"आई, ते मी लिहिलं होतं!"

"तू? पुस्तकात?"

"बाईंनी सांगितलं."

"धन्य आहे तुझ्या बाईंची."

मला रडूच फुटलं. मी शाळेत असताना आई धडा म्हणून घ्यायची, तसं तिने पुस्तक मांडीवर उघडलं. "बरं, म्हण. काय लिहिलं होतंस?"

मी मराठीतून म्हणायला लागले.

"आत्या? वन्सं आहेत पुस्तकात?"

"नाहीत. म्हणूनच विचारलं."

"कळलं त्यांना तर पुस्तकवाल्याची खैर नाही. पुढे?"

"पुढे मला कळलं नाही, असं लिहिलं होतं."

"आणि पुढे?"

"तिथेही नाही."

"अगं, मग पास कशी होणार तू?"

तेच तर मला कळत नव्हतं. पण पाठ न करताही एकेक प्रश्न आठवत होता. त्यांनाच धरून मी निबंध लिहिला. उत्तरं थोडीच होती.

जेमतेम पास झाले. नेमकं काय जमलं, ते आईला सांगता येईना. ती मात्र तेव्हापासून माझ्या पेन्सिलीला टोक काढून ठेवू लागली. खोडरबर तिने स्वतःकडेच ठेवला.