झाकणावरचं जाळं

गेल्या आठवड्यात आमच्या पीठ कारखान्यातल्या गव्हाच्या सायलोवर चढलो, तर झाकणावर कोळ्याचं जाळं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुठेही न तुटलेलं.

सायलोत गहू किती उरलाय ते खाली स्क्रीनवर दिसतं. तरीही रोज सकाळी वर चढायचं, झाकण उघडून वजन लावलेली फीत आत सोडायची आणि माप वहीत लिहायचं, हे माझं काम. गुडघ्यांची सबब सांगत मी कित्येक महिने खाली बसूनच स्क्रीनवरचा आकडा वहीत उतरवत होतो. वर सही ठोकत होतो, ठसठशीत.

त्या दिवशी स्क्रीन बंद पडली म्हणून चढावं लागलं. सोबत आमचे जुने फिटर गायकवाडकाका होते. त्यांनी जाळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तळहाताने ते हळूच पुसत म्हणाले, "इथं वर कोळी लई, साहेब. एका रात्रीत विणत्यात."

मी नुसतं "हो ना" म्हणालो. कान तापले होते.

शिडी उतरताना गावाकडची आई आठवली. रोज फोनवर मी "बरी आहेस ना?" विचारतो, ती "बरी आहे" म्हणते आणि तेवढ्यावर माझं भागतं. तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडे नीट बघून शेवटचं कधी विचारलं होतं?

तेव्हापासून रोज वर चढतो. काका खालून हात करतात. आज आठवा दिवस. झाकणावर अजून एक धागासुद्धा दिसलेला नाही.